गुणाकार स्वस्त, हेलपाटे महाग

एक छोटा हिशेब करू. कागद-पेन्सिल पुरेल.

समजा, प्रश्नांना उत्तरं देणारं एक भाषिक मॉडेल आहे आणि त्याच्या पोटात ३० अब्ज आकडे आहेत. प्रशिक्षणात मॉडेलने जे काही कमावलं ते सगळं या आकड्यांत साठलेलं असतं. त्यांना 'वेट्स' म्हणतात. एका आकड्याला २ बाइट धरले तर झाले ६० गीगाबाइट. मॉडेल उत्तर लिहितं ते तुकड्यातुकड्याने. तुकडा म्हणजे एखादा शब्द किंवा शब्दाचा भाग, तंत्रज्ञांच्या भाषेत 'टोकन'. असं एकेक टोकन लिहिताना त्या ३० अब्ज आकड्यांतल्या प्रत्येकाची हजेरी लागते: एक गुणाकार, एक बेरीज. एकूण ६० अब्ज क्रिया.

एनव्हिडिया या कंपनीची एच१०० ही एआय चिप २०२२ साली जाहीर झाली. १६ बिटांचे आकडे दिले तर तिची सर्वांत दमदार आवृत्ती सेकंदाला साधारण ९९० लाख कोटी क्रिया करते. भागाकार करून पाहा. ६० अब्ज क्रियांना लागतात ०.०६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा सोळा हजारावा भाग.

आता दुसरा भागाकार. ते ६० गीगाबाइट आकडे चिपच्या शेजारी असलेल्या मेमरीतून चिपच्या आत आणायचे आहेत. ही मेमरी सेकंदाला ३,३५० गीगाबाइट देते, आणि तेसुद्धा आजवरच्या मानाने अफाटच म्हणायचं. ६० भागिले ३,३५०: सुमारे १८ मिलिसेकंद.

०.०६ कुठे आणि १८ कुठे! तीनशे पट फरक आहे. गणिताला १ मिनिट लागत असेल, तर त्यासाठी लागणारे आकडे आणून ठेवायला ५ तास. एआय चिपबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक त्या १ मिनिटाबद्दल असतं. मला त्या ५ तासांबद्दल लिहायचं आहे, कारण ही चिप आज जशी दिसते तशी का दिसते याचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

वेळेपेक्षाही वीज

हेलपाट्यांची किंमत नुसत्या वेळेत मोजून भागत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये एका परिषदेत ऊर्जेचा तक्ता मांडला होता. चिप बनवणाऱ्यांच्या व्याख्यानांत तो अजून दाखवतात. आकडे चिप छापण्याच्या '४५ नॅनोमीटर' या तंत्राचे आहेत, म्हणजे आता जुने झाले. पण त्यांची आपापसातली तुलना डोळे उघडणारी आहे. ८ बिटांच्या दोन आकड्यांची बेरीज: ०.०३ पिकोज्यूल. त्यांचाच गुणाकार: ०.२. ३२ बिटांच्या दशांश आकड्यांचा गुणाकार: ३.७. चिपवरच असलेल्या छोट्या मेमरीतून ३२ बिट वाचणं: ५. आणि चिपबाहेरच्या डीरॅम मेमरीतून तेवढेच ३२ बिट आणणं: सुमारे ६४०.

पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग, तेव्हा सुटा आकडा नगण्यच. पण गुणाकाराला ३.७ आणि गुणायचा आकडा दारापर्यंत आणायला ६४०, हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि हा व्यवहार सेकंदाला अब्जावधी वेळा होणार.

याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे, ती नेहमीच्या प्रोसेसरबद्दल, म्हणजे सीपीयूबद्दल. सीपीयू हा अष्टपैलू गडी. पुढच्या क्षणी कोणतं काम अंगावर येईल हे त्याला ठाऊक नसतं: कधी टाइप केलेलं अक्षर, कधी व्हिडिओची फ्रेम, कधी 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते' अशी फांदी फुटलेली सूचना. त्यामुळे कुठली फांदी धरली जाईल याचा अंदाज बांधणं, सूचनांचा क्रम सोयीने बदलणं, अंदाज चुकला तर केलेलं काम पुसणं, यासाठी त्याच्यात बरीच यंत्रणा असते. परिणाम असा की एक साधी सूचना पार पाडायला एकूण ७० पिकोज्यूलच्या घरात खर्च येतो. प्रत्यक्ष बेरीज त्यातली चिमूटभर. बाकी सगळी सरबराई.

न्यूरल नेटवर्कला, म्हणजे आपल्या भाषिक मॉडेलसारख्या वेट्सवर चालणाऱ्या रचनेला, ही सरबराई लागतच नाही. आत येणाऱ्या आकड्यांची एक रांग, वेट्सचा एक मोठा चौकोनी तक्ता. रांगेतल्या प्रत्येक आकड्याला तक्त्यातल्या आकड्याने गुणायचं, उभ्या स्तंभात बेरीज करायची, आलेली रांग पुढच्या तक्त्याला द्यायची. चित्रातली मांजर ओळखायची असो, आवाजाचं लिखाण करायचं असो की निबंध लिहायचा असो, नव्वद टक्क्यांहून जास्त कष्ट या एकाच क्रियेत जातात. गणितात तिला मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणतात. फांद्या जवळजवळ नाहीत. कोणता आकडा कुठे, कधी लागणार हे आधीपासून पक्कं माहीत. वेळापत्रकाला एवढं बांधलेलं काम संगणकाच्या जगात क्वचितच मिळतं, आणि खास चिप बनवायची तर नेमकं हेच हवं असतं.

(जाता जाता: जाहिरातींत दिसणाऱ्या 'न्यूरल प्रोसेसर' वगैरे नावांनी गोंधळून जाऊ नका. त्या चिपमध्ये मेंदूसारखं काहीही नसतं. आत असतात ते गुणाकार करणारे हजारो ठोकळे आणि त्यांना आकडे भरवणारी मेमरी.)

खेळासाठी बनली, अभ्यासाला आली

पहिली सोय आयतीच मिळाली. व्हिडिओ गेममधलं दृश्य रंगवताना पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांसाठी जवळपास सारखंच गणित करावं लागतं, आणि एका ठिपक्याला दुसऱ्यासाठी थांबावं लागत नाही. एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड काढलं तेव्हा 'जीपीयू', म्हणजे चित्रं रंगवणारा प्रोसेसर, हा शब्द रूढ केला. हुशार गडी थोडे ठेवण्याऐवजी साधे गडी पुष्कळ ठेवायचे, असा तो संसार. २००६ मध्ये कंपनीने कूडा नावाची प्रणाली जाहीर केली आणि या गड्यांना रंगकामाव्यतिरिक्त दुसरं गणितही सांगता येऊ लागलं.

२०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठात अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी १२ लाख चित्रांवर एक नेटवर्क शिकवलं. ६ कोटी वेट्स, खेळासाठी मिळणारी दोन जीटीएक्स ५८० कार्डं, पाच-सहा दिवस. चित्र ओळखण्याच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांची चूक १५.३ टक्के होती, दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के. ही गोष्ट अनेकांना माहीत असते. तिच्यातला एक तपशील मात्र मागे पडतो: कार्डं दोन का? एका कार्डाची मेमरी फक्त ३ गीगाबाइट होती आणि नेटवर्क त्यात मावत नव्हतं. म्हणून त्याचे उभे दोन भाग केले आणि काही ठरावीक थरांतच त्यांना एकमेकांशी बोलू दिलं. आजच्या लाटेची सुरुवात ज्या प्रयोगाने झाली, त्यातही अडचण जागेची आणि ने-आणीचीच होती.

हातोहात

यानंतरचा टप्पा मला या सगळ्या कहाणीत सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

२०१३ मध्ये गूगलमध्ये एक अंदाज बांधला गेला. लोकांनी रोज ३ मिनिटं आवाजाने शोध घेतला आणि आवाज ओळखायला न्यूरल नेटवर्क वापरलं, तर कंपनीच्या डेटा सेंटरांची गणनाशक्ती दुप्पट करावी लागेल. एवढे सीपीयू विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा स्वतःची चिप बनवायचं ठरलं आणि १५ महिन्यांत ती डेटा सेंटरात बसलीसुद्धा. साल २०१५. नाव टेन्सर प्रोसेसिंग युनिट, टीपीयू. जगाला ती २०१६ मध्ये कळली आणि २०१७ मध्ये नॉर्मन जूपी आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर सविस्तर शोधनिबंध लिहिला.

चिपच्या मधोमध गुणाकार करणाऱ्या ठोकळ्यांची चौकट आहे: २५६ ओळी, २५६ स्तंभ, एकूण ६५,५३६ ठोकळे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक ठोकळ्यात एकेक वेट नेऊन बसवतात. ते तिथेच बसून राहतं. मग डावीकडून आकडे आत शिरतात. घड्याळाचा एक ठोका पडला की प्रत्येक आकडा उजवीकडच्या शेजाऱ्याकडे सरकतो. ठोकळा काय करतो? डावीकडून आलेल्या आकड्याला आपल्या वेटने गुणतो, वरून आलेल्या अर्धवट बेरजेत ते मिळवतो, बेरीज खालच्याला देतो आणि आकडा जसाच्या तसा उजवीकडच्याला. बस. २५६ ओळी उतरून बेरीज तळाशी पोहोचते तेव्हा ती पूर्ण झालेली असते.

आग विझवायला माणसं रांग लावून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसंच हे. प्रत्येकाने विहिरीपर्यंत स्वतः जायचं ठरवलं असतं तर निम्मा वेळ पळण्यात गेला असता. इथे मेमरीतून एकदा उचललेला आकडा २५६ ठोकळ्यांच्या हातून जातो, म्हणजे एका हेलपाट्यात २५६ गुणाकार. आणि ठोकळ्याला सूचना वाचायची नाही, पत्ता शोधायचा नाही, कोणाला काही विचारायचं नाही. त्या ७० पिकोज्यूलच्या सरबराईला पूर्ण फाटा.

वेग पाहा. या टीपीयूचं घड्याळ ७० कोटी ठोक्यांचं, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचं. त्या काळच्या सीपीयूंपुढे अगदीच मंद. पण ६५,५३६ ठोकळे, प्रत्येकाच्या ठोक्याला दोन क्रिया, गुणिले ७० कोटी: सेकंदाला सुमारे ९२ लाख कोटी क्रिया. वीज ४० वॉटच्या आसपास. गूगलच्या मोजणीनुसार तेव्हाच्या सीपीयू आणि जीपीयूपेक्षा ती १५ ते ३० पट वेगवान ठरली.

आणि गंमत म्हणजे ही कल्पना नवी नव्हतीच. एच. टी. कुंग आणि चार्ल्स लायसरसन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७८ मध्येच ती मांडली होती. हृदय आकुंचन पावतं आणि दर ठोक्याला रक्त पुढे ढकलतं; हृदयाच्या त्या आकुंचनाला वैद्यकात सिस्टोल म्हणतात, म्हणून या रचनेचं नाव सिस्टोलिक अ‍ॅरे. कल्पना सुरेख होती, पण ती ज्याच्यावर चालवावी असं एकसुरी आणि प्रचंड काम तेव्हा फारसं कुणाकडे नव्हतं. पस्तीसेक वर्षं ती कामाची वाट पाहत राहिली.

पहिल्या टीपीयूची चूक काय होती? तेही त्याच शोधनिबंधात प्रामाणिकपणे लिहिलंय. चिपला वेट्स पुरवणारी बाहेरची मेमरी सेकंदाला अवघे ३४ गीगाबाइट देत होती. तपासलेल्या सहा नेटवर्कांपैकी चार याच अरुंद दारात अडकून पडली. तीच चिप, पण त्या वेळच्या जीपीयूची मेमरी जोडली असती, तर प्रत्यक्ष काम तिप्पट झालं असतं. पुढच्या पिढ्यांत ही चूक त्यांनी लगेच सुधारली.

एनव्हिडियाही स्वस्थ बसली नाही. २०१७ च्या व्ही१०० चिपमध्ये तिने ६४० 'टेन्सर कोअर' घातले. प्रत्येक कोअर ४ बाय ४ च्या छोट्या तक्त्यांचा गुणाकार एका फटक्यात करतो. त्यामुळे 'जीपीयू विरुद्ध खास एआय चिप' हा वाद आता नावापुरता उरलाय. डेटा सेंटरातल्या जीपीयूत चित्रं रंगवण्याचं सामान असलंच तर कोपऱ्यात.

आकडाच बारीक करा

हेलपाटे कमी करायचा दुसरा उपाय अगदी घरगुती वाटेल असा आहे: ओझंच हलकं करायचं.

वैज्ञानिक गणितात सहसा ३२ किंवा ६४ बिटांचे आकडे वापरतात, कारण यानाची कक्षा काढताना सातव्या दशांश स्थळाची चूकही महागात पडते. न्यूरल नेटवर्कचा स्वभाव तसा नाही. निर्णय हजारो छोट्या मतांच्या बेरजेतून होतो. एखादं मत ०.७३१२ ऐवजी ०.७३ असं नोंदवलं गेलं तर निकाल बदलत नाही. मग ३२ बिट वाहायचे कशाला? १६ केले की तेवढ्याच मेमरीत दुप्पट आकडे मावतात, तेवढ्याच वेळात दुप्पट आकडे पोहोचतात. शिवाय गुणाकाराच्या ठोकळ्याचा आकार बिटांच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे बिट निम्मे केले की ठोकळा जवळपास पाव होतो आणि त्याच जागेत चौपट ठोकळे बसतात. असा दुहेरी फायदा क्वचित मिळतो.

पण १६ बिट कसे वाटायचे यातही खुबी आहे. दशांश आकडा साठवताना काही बिट 'आकडा केवढा मोठा' हे सांगतात, काही 'किती बारकाईने'. जुन्या १६ बिटी पद्धतीत मोठेपणाला ५ बिट होते, त्यामुळे ६५,५०४ च्या वर आकडाच लिहिता येत नसे आणि फार छोटे आकडे शून्य होऊन जात. प्रशिक्षणात दुरुस्त्या अतिशय बारीक असतात. त्या शून्य झाल्या की शिकणं ठप्प. गूगलच्या लोकांनी मग 'बीफ्लोट१६' काढला: मोठेपणाला ३२ बिटी आकड्याइतकेच ८ बिट, बारकाईला फक्त ७. बारकाई गेली तरी चालेल, आवाका जाता कामा नये. हे ऐकायला उलटं वाटतं, पण चाललं, आणि आता जवळपास सगळ्या चिप्स तो स्वीकारतात.

नंतर बिटांची ही घट चालूच राहिली. एच१०० मध्ये ८ बिट आले, एनव्हिडियाच्याच २०२४ च्या ब्लॅकवेल चिपमध्ये ४. चार बिटांत एकूण १६ वेगवेगळे आकडे मावतात, सोळाच! त्यांतून भाषा कशी उभी राहते? युक्ती अशी की वेट्सचे छोटे छोटे गट करतात आणि प्रत्येक गटाला एक सामाईक गुणक देतात. सुरुवातीचा हिशेब ४ बिटांनी पुन्हा केला तर ६० गीगाबाइटचे १५ होतात आणि १८ मिलिसेकंदांचे साडेचार. हे सगळं फुकटात मिळतं असं कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. बिट कमी केल्यावर मॉडेलची गुणवत्ता किती घसरली हे दर वेळी तपासावंच लागतं.

मेमरी जवळ आणा, नाहीतर चिपच मोठी करा

तिसरा उपाय अंतर कमी करण्याचा. एचबीएम नावाच्या मेमरीत डीरॅमच्या पातळ चकत्या एकावर एक रचतात आणि त्यांच्यातून आरपार हजारो सूक्ष्म उभ्या तारा काढतात. साध्या संगणकातल्या मेमरीची वाट ६४ बिट रुंद असते. एचबीएमच्या एका उतरंडीची बराच काळ १,०२४ बिट होती. अशा पाच-सहा उतरंडी मुख्य चिपला खेटून, एकाच सिलिकॉनच्या पाटावर बसवतात. एसके हायनिक्सने पहिली एचबीएम २०१३ मध्ये बनवली. आज एआय चिपच्या पुरवठ्यात अडचण येते तेव्हा अनेकदा अडतं ते या मेमरीवर किंवा हे सगळं एका पाटावर जोडण्याच्या कौशल्यावर.

मुख्य चिप आणखी मोठी करता येत नाही का? छपाईचं यंत्र एका वेळी साधारण २६ बाय ३३ मिलिमीटरचाच तुकडा छापू शकतं, ८५८ चौरस मिलिमीटर. एच१०० आधीच ८१४ ची आहे, त्यात ८,००० कोटी ट्रान्झिस्टर. म्हणून ब्लॅकवेलमध्ये दोन मोठे तुकडे जोडून एक चिप केली: २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर, १९२ गीगाबाइट मेमरी, सेकंदाला ८ टेराबाइट.

सेरेब्रास या कंपनीने मात्र प्रश्नच वेगळा विचारला: सिलिकॉनची तबकडी कापायचीच कशाला? तिची चिप २१५ मिलिमीटर बाजूचा अख्खा चौकोन आहे. एवढ्या मोठ्या तुकड्यात काही ट्रान्झिस्टर बिघडलेले निघणारच, म्हणून बिघडलेल्या भागाला वळसा घालून जाणाऱ्या वाटा आधीच आखून ठेवलेल्या असतात. २०२४ च्या तिसऱ्या पिढीत ४४ गीगाबाइट मेमरी चिपच्या अंगावरच आहे, बाहेर जायची गरज कमी. दुसरं टोक ग्रॉक या चिप कंपनीचं. तिच्या चिपवर २३० मेगाबाइट जलद मेमरी आणि बाहेरची मेमरी नाहीच. वेग जबरदस्त, पण आपलं ६० गीगाबाइटचं मॉडेल नुसतं ठेवायलाच अशा अडीचशेहून जास्त चिप्स हव्यात. चिपवरच्या मेमरीला एका बिटामागे सहा ट्रान्झिस्टर लागतात, डीरॅमला एक आणि सोबत एक कपॅसिटर. जवळची जागा नेहमीच महाग.

चौथा उपाय हार्डवेअरचा नाहीच, व्यवहाराचा आहे. आकडे एकदा आत आणलेच आहेत तर त्यांच्यावर एका ऐवजी तीनशे लोकांची कामं उरकून घ्या. गणित आणि ने-आण यांतला तीनशे पटींचा फरक आठवतोय? तीनशे प्रश्न एकदम चालवले की दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत येतात. मोठ्या सेवा नेमकं हेच करतात. तुमचं वाक्य लिहिलं जात असताना त्याच वेट्सवर अनोळखी लोकांची वाक्यंही लिहिली जात असतात. अडचण एवढीच की प्रत्येक संभाषणाची स्वतःची आठवणही मेमरीत ठेवावी लागते, आणि संभाषण लांबलं की ती फुगते. प्रशिक्षणात हा प्रश्न कमी जाचतो, कारण तिथे हजारो उदाहरणं एकदमच चालवतात. तिथे गणिताची ताकद खरोखर कामी येते. म्हणून शिकवायची चिप आणि वापरायची चिप वेगळी असावी असं अनेकांना वाटतं.

प्रशिक्षण एका चिपवर होत नाही, हजारोंवर होतं, आणि मग हेलपाटे चिप-चिपमध्ये सुरू होतात. गूगलच्या चौथ्या पिढीत ४,०९६ टीपीयू प्रकाशाच्या तारांनी जोडलेले असतात आणि सूक्ष्म आरसे वळवून जोडणी बदलता येते. एवढा पसारा म्हटल्यावर बिघाडही रोजचेच. मेटाने लामा ३ चं सर्वांत मोठं मॉडेल १६ हजारांवर एच१०० वर शिकवलं. त्यातल्या ५४ दिवसांत काम अनपेक्षितपणे ४१९ वेळा थांबलं. म्हणजे दर तीन तासांनी एकदा.

खास चिप हा जुगारही आहे. आखणीपासून हातात पडेपर्यंत वर्षं जातात आणि तोवर नेटवर्कच बदलून जातात. इंटेलने २०१६ मध्ये नर्व्हाना ही कंपनी घेतली, २०१९ च्या शेवटी हबाना घेतली आणि लगेच नर्व्हानाच्या चिप्स गुंडाळल्या. चिप चांगली असूनही तिच्यासाठी प्रोग्राम लिहिणं जिकिरीचं असेल तर कुणी फिरकत नाही; कूडाचं खरं बळ तिथे आहे. २०१७ च्या त्या टीपीयू शोधनिबंधात गूगलच्या कामाचा तपशील आहे: चित्रांवर चालणाऱ्या नेटवर्कांचा वाटा ५ टक्के, तेव्हाच्या भाषेच्या नेटवर्कांचा २९. आज ज्यावर सगळं चालतं तो ट्रान्सफॉर्मर त्याच वर्षी जन्मला, त्या यादीत तो असणं शक्यच नव्हतं. तरी टीपीयू निकामी झाला नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पोटातही शेवटी मॅट्रिक्सचाच गुणाकार निघाला. दुसरं काही निघालं असतं तर?

फोनमध्येही अशी छोटी चिप आता असते. अ‍ॅपलने २०१७ च्या ए११ मध्ये ती घातली, सेकंदाला ६० हजार कोटी क्रियांची. आता जाहिरातींत 'इतके टॉप्स' असा आकडा झळकतो, म्हणजे सेकंदाला इतके लाख कोटी क्रिया. तो आकडा बहुधा सर्वांत कमी बिटांवरचा असतो. काही वेळा तर शून्यांना वगळण्याची सवलत धरून दुप्पट केलेला. तो सोडून द्या आणि मेमरी सेकंदाला किती गीगाबाइट देते ते शोधा. त्याला मॉडेलच्या आकाराने भागा. मेमरी सेकंदाला ६० गीगाबाइट देणारी आणि मॉडेल ३ अब्ज वेट्सचं, १६ बिटी, म्हणजे ६ गीगाबाइटचं असेल, तर सेकंदाला फार तर १० टोकन. तेच मॉडेल ४ बिटी केलं तर दीड गीगाबाइट आणि ४० टोकन. टॉप्स कितीही लिहिलेले असोत.